पहिल्या खिळ्यावरचा बिल्ला

बोटघरातल्या फळीवरचा तो एक बिल्ला सुलटा झाला होता.

बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. कोपऱ्यात वल्ही उभी होती, डांबराचा आणि ओल्या दोरांचा वास होता, जमिनीच्या फटींतून वर येणारा पाण्याचा उजेड छतावर हलत होता. सप्टेंबरातला शेवटचा रविवार. उद्यापासून बोटी उलट्या करून ठेवायच्या, दाराला कुलूप घालायचं आणि तळं हिवाळ्याच्या हवाली करायचं. आफ्राने खिडकीची झडप वर केली, कॉफीचा थर्मास टेबलावर ठेवला आणि सवयीने फळीवरून नजर फिरवली. नजर पुढे गेली, थांबली, आणि मागे आली.

पहिला खिळा. विस्तवाने डागलेली ब्रुनर घराची खूण, आडव्या रेघेवर उभी तीन टोकं. खाली एक खाच.

खूण तिच्याच घराची होती. पण त्या बिल्ल्याचं तोंड तिने आजवर पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? ती जन्मायच्या कितीतरी आधीपासून तो भिंतीकडे तोंड करून लटकत होता.

श्वाइग तळ्याकाठी घरं सात, आणि प्रत्येक घराची खूण निराळी. घरातल्या प्रत्येक माणसाचा तळहाताएवढा एक लाकडी बिल्ला. थोरल्याला एक खाच, पाठच्याला दोन, अशा चढत्या. पोहायला उतरायचं असो की बोट काढायची असो, आधी पेटीतला आपला बिल्ला घेऊन खिळ्यावर टांगायचा. परत आलं की काढून पेटीत टाकायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय बोटघराचं दार लावायचं नाही. चर्चचे नियम मोडणारी माणसंही हा नियम मोडत नसत. आणि ज्याला तळ्याने परत दिलंच नाही, त्याचा बिल्ला काढायचा नाही, नुसता उलटा करायचा.

सात घरांत मिळून असा उलटा बिल्ला एकच होता. सेन्झीचा. आफ्राच्या आजोबांची ती थोरली बहीण, विसाव्या वर्षी गेलेली.

“लेनी…” आफ्राने हाक मारली. आवाज बारीक निघाला.

लेनी बाहेर धक्क्यावर बोटीतलं पाणी उपसत होती. “काय गं? पुन्हा कोळी?”

“तू आत ये ना.”

लेनी ओले हात पँटला पुसत आत आली. आफ्राने बोट दाखवलं. लेनीचा हात पँटवरच थांबला, आणि तेवढं आफ्राला पुरेसं होतं. तिच्या मानेवर काटा उभा राहिला. मग लेनी हसली.

“अरे वा! आत्याबाईंनी कूस बदलली.”

“थट्टा नको करूस. कुणी केलं असेल हे?”

“काल ती व्हिएन्नाची टोपीवाली बाई नव्हती का आली? प्रत्येक गोष्टीला हात लावत होती. तिनेच फिरवला असेल.”

“दार मी लावलं रात्री. तेव्हा उलटा होता. मी रोज बघते.”

“तू रोज बघतेस, यातच सगळं आलं.” लेनीने पेटीतून आपला बिल्ला काढला आणि त्याच्या शेजारी धरला. “हे बघ. जुळ्या बहिणी!”

खरंच जुळ्या दिसत होत्या. लेनीही थोरली, तिलाही एकच खाच. आणि इतकी वर्षं तोंड भिंतीकडे असल्यामुळे सेन्झीच्या खुणेला ना ऊन लागलं होतं, ना शेगडीचा धूर. कालच डागल्यासारखी ती ताजी होती.

“उलटा करून टाक ना, लेनी.”

“मी नाही बाई. उजेड बघू दे तिला एक दिवस. आणि म्हाताऱ्या क्विरिनकाकांना सांगत बसू नकोस, त्यांच्या छातीत आधीच धडधड असते.” मग डोळे मिचकावत ती म्हणाली, “नाहीतर असं करू. आता ब्रुनरांकडची थोरली मी. पहिला खिळा माझा. आत्याबाईंनी सरकावं दुसऱ्यावर.”

तेवढ्यात बाहेरून कुणी पाहुण्याने घंटा वाजवली आणि आफ्रा दचकून खिडकीकडे धावली. साल्झबुर्गचं एक जोडपं होतं, त्यांना पायडलची बोट हवी होती. तिने त्यांची नावं पाहुण्यांच्या पाटीवर खडूने लिहिली, जाकिटं दिली, कड्याच्या जवळ जाऊ नका म्हणून सांगितलं. मागे लेनी काय करतेय ते पाहायला तिला सवड झाली नाही. लेनी बोलते फार, करते थोडं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

लेनी दर वर्षी शेवटच्या रविवारी एकटी पलीकडे जायची. तिकडे वाट नव्हती. तळ्यातून सरळ वर चढलेला हजार हातांचा कडा, आणि त्याच्या पायाशी उतरता एक खडक. तिथे बोट बांधायची, खडकावरून सूर मारायचा, हुडहुडी भरेपर्यंत पोहायचं, काळा पाव आणि धुरावलेलं मांस खायचं आणि चारच्या आत परत यायचं. कडा पश्चिमेला असल्याने साडेतीनलाच तळ्यावर सावली उतरायची, आणि सावलीतलं ते पाणी हाडं गोठवायचं.

“चल ना आज तरी,” बोटीत पाय ठेवून लेनी म्हणाली. तिचं जाकीट, फोन, किल्ल्या सगळं खुंटीवर होतं. पलीकडे फोन लागतच नसे. “उद्या तू ग्राट्सला, कॉलेजला जाणार. मग पुढच्या जूनपर्यंत मी त्या घरात एकटी. भिंतींशी बोलायचं का मी?”

“मला… इथे कुणीतरी हवं ना. पाहुणे आहेत.”

“पाहुणे! तुला पोहायला नाही सांगत गं, भित्री भागूबाई. नुसतं बसायचं.”

आफ्रा धक्क्याच्या कडेपासून दोन पावलं मागेच उभी राहिली. तळ्याकाठी जन्मली, कॉलेजात पाण्याच्या जीवजंतूंवर निबंध लिहून शाबासकी मिळवली, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि लेनी अठराची. लेनीने शिक्षण सोडलं, गाई सांभाळल्या, बोटी सांभाळल्या, हिला शाळेत घातलं, हिच्या वेण्या घातल्या, हिच्या स्वप्नांतली भुतं रात्री उठून हाकलली. त्या घरात आणखी कुणी नव्हतं. त्या दोघीच.

“पुढच्या वर्षी. नक्की,” आफ्रा म्हणाली.

“दर वर्षीचं पुढचं वर्ष,” असं म्हणून लेनीने वल्हं टेकवून बोट ढकलली.

बोट पाव मैल गेल्यावर हाळी द्यायची असते. प्रत्येक घराची हाळी वेगळी. काठावरच्याने पहिला अर्धा भाग द्यायचा, पाण्यावरच्याने उरलेला अर्धा. ब्रुनरांची हाळी म्हणजे काठावरून उतरते तीन सूर आणि पाण्यावरून चढते दोन. आफ्राने तोंडाभोवती हात धरले, पण सूर नेहमीसारखे कापरे निघाले. तरी उत्तर आलं. पहिला सूर मोकळा, दुसरा चिरका. लेनीचा दुसरा सूर लहानपणापासून तसाच चिरकायचा. पाठोपाठ कड्याने दोघींचे आवाज एकामागून एक परत दिले, तिचे तीन, लेनीचे दोन. मग सगळं शांत झालं.

दुपारी क्विरिनकाका आपल्या झोपडीतून वाकत वाकत आले आणि धक्क्यावरच्या बाकावर बसले. वय ब्याऐंशी. साठ वर्षं बोटघर त्यांच्या ताब्यात होतं. आता लेनी पाहते, तरी रोज दुपारी इथे बसून पाव खाल्ल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आत मात्र ते आता पाऊल टाकत नसत. आफ्राला वाटायचं, म्हातारपणी पायरी चढवत नसेल.

त्या दिवशी दक्षिणेचा गरम वारा सुटला होता. असा वारा सुटला की डोंगर अंगावर येतात. शिखरावरचा दगड न् दगड मोजता येतो, माणसांची डोकी दुखतात, गाई दूध चोरतात. क्विरिनकाका चाकूने मांसाचे पातळ काप काढत बराच वेळ पलीकडे बघत राहिले.

“तुझी हाळी ऐकली सकाळी,” ते म्हणाले. “बकरीला काटा टोचावा तशी.”

“माहितेय मला.”

“रागावू नकोस, पोरी. घाबरत घाबरत का होईना, देतेस. मी तर ती बंदच केली.”

“का हो, काका?”

त्यांनी चाकू मिटला. “तू उद्या जाणार. पुढच्या जूनला मी असेन नसेन. म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.” घसा साफ करून त्यांनी आवाज खाली आणला, जणू तळं ऐकत होतं. “सेन्झी गेली त्या संध्याकाळी फळी सांभाळायला मी होतो. खाली गावात नाच होता. मला जायचं होतं. फळीवर एकच बिल्ला उरला होता, तिचा. मी म्हटलं, आली असेल, काढायला विसरली असेल. ती विसरभोळी होतीच. काढला आणि पेटीत टाकला. दार लावलं.”

आफ्राच्या हातातला पेला तसाच राहिला.

“वाटेवर हाळी ऐकू आली. तिचे चढते दोन सूर. बिचारी धुक्यात वाट चुकली होती, काठ कुठे ते विचारत होती. मी म्हटलं, कड्याचा प्रतिध्वनी असेल, मघाचा कुणाचा तरी. लांबून बाजाही वाजत होता ना… सकाळी बोट सापडली, उपडी. ती नाही. मग बिल्ला पेटीतून काढून मीच उलटा टांगला.”

“पण तुम्हाला कसं कळलं, तीच होती ते?”

“ती शेवटी एक सूर जोडायची. तुमच्या घराच्या हाळीत तो नाही. आखूड, उंच, उचकी लागावी तसा.” म्हाताऱ्याने तो सूर काढला नाही, नुसती बोटं हवेत वर उडवली. “मी धक्क्यावर असलो तरच जोडायची. माझ्यासाठी होता तो. लग्न करणार होतो आम्ही… घरी ठाऊक नव्हतं.”

बिल्ला सुलटा झालाय हे सांगावं असं आफ्राच्या ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्याचा हात छातीवर होता, आणि लेनीने बजावलं होतं. तिने पेला विसळायला घेतला.

“जरा आडवा होतो,” असं म्हणून ते झोपडीकडे गेले.

तीन वाजता कड्याच्या टोकाला सूर्य टेकला. सावली पलीकडच्या काठावरून निघाली आणि पाण्यावरून सरकत इकडे यायला लागली, कुणी तळ्यावर घोंगडी ओढावी तशी. साल्झबुर्गचं जोडपं परत आलं, कुडकुडत, हसत. शेवटची पाहुण्यांची बोट आली. आफ्राने पाटी पुसली. आता पाण्यावर फक्त लेनी होती.

ती आत शिरली. बाहेरच्या उजेडातून आल्यामुळे आधी काहीच दिसेना. मग फळी दिसली, आणि फळीवर शेजारी शेजारी दोन बिल्ले. दोन सारख्या खुणा, सारख्या खाचा, दोन्ही तोंडं तिच्याकडे. दोन माणसं एका बाकावर बसून बघत असावीत तशी.

तिने ठरवलं की तिकडे बघायचंच नाही. खिडकीची झडप लावली, दोर गुंडाळले, जाकिटं मोजली. पाठीला त्या दोघींची नजर लागत होती. क्विरिनकाकांचे शब्द कानात होते. एकच बिल्ला उरला होता, तिचा. पहिल्या खिळ्यावरचा.

एवढं उलटं केलं की झालं, ती स्वतःला म्हणाली. साठ वर्षं जसं होतं तसं. मग मला नीट वाट बघता येईल.

ती पुढे झाली. पहिल्या खिळ्याकडे हात नेला, मान दुसरीकडे वळवली. विहिरीवर वाकताना खाली बघू नये तशी. बोटांना लाकूड लागलं. तेवढ्यात कोपऱ्यातलं वल्हं घसरून धाडकन जमिनीवर पडलं. तिच्या तोंडून किंकाळी निघाली, पण हात थांबला नव्हता. बिल्ला फिरला, भिंतीवर टक् करून आपटला, आणि ती मागे न बघता बाहेर पळाली.

बाहेर वारा पडला होता.

असा अचानक पडला होता की कानात दडे बसले. सकाळपासून फडफडणारं धक्क्यावरचं निशाण काठीला लपेटून पडलं होतं. आणि कड्याच्या माथ्यावरून, उतू जाणाऱ्या दुधासारखा, पांढरा ढग खाली ओघळत होता. गरम वारा मोडला की ढग उतरतो हे इथे सगळ्यांना माहीत होतं. लेनीलाही. तिने आतापर्यंत निघायला हवं होतं. पाण्याला टेकल्यावर ढग पसरला. आधी खडक गेला, मग तळ्याचा मध्य, मग धक्क्यापासून वीस हातांवरचा खांब.

चार वाजले. सव्वाचार. आफ्रा धक्क्यावर येरझाऱ्या घालत होती. प्रत्येक वेळी वाटायचं, वल्ह्याचा आवाज आला. कान देऊन ऐकलं की ते तिच्याच बुटांखालचं पाणी असायचं.

साडेचारला क्विरिनकाका काठी टेकत आले. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“आली नाही?”

तिने मान हलवली.

“खालच्या गावात फोन कर. जीवरक्षकांना.”

“केला. म्हणाले, रस्त्यावरही ढग आहे. पाऊण तास लागेल…” ती बोटीच्या साखळीकडे झेपावली. “मी जाते! मी वल्हवते, काका…”

“गप. या ढगात गेलीस तर तुला हा धक्काही परत सापडायचा नाही. मग दोघींना शोधायचं.” त्यांनी तिचं मनगट धरलं. हात म्हातारा होता, पण पकड बोटवाल्याची होती. “ती तळ्याच्या मध्ये कुठेतरी असेल. तिला काठ कुठे ते कळत नसणार. हाळीच रस्ता दाखवते. आत कंदील आहे, तो आण, आणि दे हाळी.”

आफ्रा आत धावली. कंदील फळीखालीच टांगलेला असे. तिने काडी ओढली, वात पेटली, आणि उजेड वर गेला.

पहिल्या खिळ्यावर बिल्ला उलटा होता. तिनेच केलेला. पण त्याची पाठ पांढरी होती.

साठ वर्षं धूर खाल्लेली पाठ काळी हवी. डांबरासारखी काळी, रोज ती पाहत आली होती. ही पाठ स्वच्छ, पिवळसर, नव्या लाकडाची होती.

पहिला खिळा माझा. आत्याबाईंनी सरकावं दुसऱ्यावर.

“नाही…” आफ्रा पुटपुटली. “नाही, नाही…”

लेनीने खरंच अदलाबदल केली होती. आणि तिने, आफ्राने, आपल्या हाताने, मान वळवून, जिवंत बहिणीचं तोंड भिंतीकडे केलं होतं.

तिने तो बिल्ला फिरवला. तो दोनदा हातातून सुटला. मग दुसऱ्या खिळ्यावरच्या सेन्झीच्या बिल्ल्याला उलटं करायला हात पुढे केला, आणि बोटं मागे घेतली. लाकूड ओलं होतं. नुसतं दमट नव्हे. खाचेतून पाणी निथळत होतं आणि खाली जमिनीवर त्याचा एक गोल डाग पडला होता.

“त्याला हात लावू नकोस.”

क्विरिनकाका दारात उभे होते. पायरी चढून आले होते. ते आफ्राकडे बघत नव्हते, फळीकडे बघत होते. कंदिलाच्या उजेडात त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

“सकाळी… आपोआप सुलटा झाला होता,” आफ्रा हुंदके देत म्हणाली. “मी तुम्हाला सांगणार होते. मला वाटलं… मी उलटा करायला गेले आणि… लेनीचा केला मी, काका. लेनीचा!”

“किती वेळ?”

“तासाच्या वर…”

म्हाताऱ्याने डोळे मिटले. ओठ हलले, प्रार्थना असावी. मग त्यांनी आवाज न चढवता, एखादं काम समजावून सांगावं तसं सांगितलं. “आता फळीवर दोघी बाहेर आहेत. बाहेर असलेल्याचा बिल्ला फिरवायचा नसतो. त्याला बोलवायचं असतं.”

“पण बोट एकच गेलीये…”

“हो,” ते म्हणाले. “बोट एकच गेलीये.”

दोघं धक्क्याच्या टोकाला आले. आफ्रा आज पहिल्यांदा अगदी कडेला उभी राहिली, बुटांची टोकं पाण्यावर. कंदिलाचा उजेड ढगात दोन हात शिरून विझत होता. खालून थंडगार वास येत होता, ओल्या दगडाचा, शेवाळाचा, आणि आणखी कशाचा तरी, जुन्या बंद पेटीसारखा.

“तुम्ही द्या ना, काका. तुमचा आवाज मोठा आहे. माझा पोचणार नाही.”

“माझा नको.”

“प्लीज काका, ती मरेल…”

“माझा आवाज ओळखणारी एकच आहे तिथे,” क्विरिनकाका हळूच म्हणाले, “आणि ती तुझी बहीण नाही. तू दे, पोरी. लेनी तुझ्या हाकेला येईल. बकरीसारखी का असेना, तिच्या ओळखीची आहे.”

आफ्राने तोंडाभोवती हात धरले. आत कुठेतरी नऊ वर्षांची एक मुलगी अंधारात बसली होती आणि लेनी येऊन दिवा लावेल म्हणून वाट बघत होती. तिने छातीत हवा भरली आणि सूर सोडले. उतरते तीन.

ढगाने ते गिळले. कड्याने काहीच परत दिलं नाही.

आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. कुणी उत्तर देवो न देवो, कडा द्यायचाच. तिने क्विरिनकाकांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती.

“पुन्हा.”

तिने पुन्हा दिली. या वेळी मोठ्याने; गळ्यात काहीतरी फाटलं तरी थांबली नाही. पाणी धक्क्याच्या खांबांना चाटत राहिलं. टप्. टप्. त्या आवाजातही एक लय होती, कुणीतरी अगदी सावकाश वल्हवत असल्यासारखी. पण ती कुठल्या दिशेने येतेय ते कळत नव्हतं; समोरून, की डावीकडून, की खालून.

“लेनी!” ती ओरडली. “लेनी, मी इथे आहे! मी येते पुढच्या वेळी, खरंच येते, बोटीत बसते, तू म्हणशील तिथे येते… लेनी!”

“नावाने नको,” क्विरिनकाका कुजबुजले. “हाळी दे. घराची. तिला दिशा लागते.”

तिसऱ्यांदा. आफ्राने डोळे मिटले. सकाळी लेनीने वल्हं टेकवून बोट ढकलली तो क्षण तिने मनात धरला, आणि सगळा श्वास त्या तीन सुरांत ओतला. ते न कापता, सरळ, घंटेसारखे गेले. असे सूर तिच्या गळ्यातून कधी निघाले नव्हते. ते गेले आणि मागे इतकी शांतता उरली की कंदिलातली वात चुरचुरलेली ऐकू आली.

टप्. टप्.

थांबलं.

आणि मग ढगातून, जवळून, तिला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जवळून, उत्तर आलं.

पहिला सूर मोकळा. दुसरा चिरका.

“लेनी!” आफ्रा धक्क्यावर बसली, हसत आणि रडत. तोच आवाज, तोच दुसऱ्या सुरावरचा चरा, जगात दुसऱ्या कुणाचा नाही. “काका, आली! लेनी आली, काका…”

क्विरिनकाका हसत नव्हते. त्यांची टोपी हातातून सुटून पाण्यात पडली होती आणि ते अजून ऐकत होते, मान किंचित कलती करून, एकोणीस वर्षांचं पोरगं ऐकेल तसं.

कारण हाळी संपली नव्हती. लेनीच्या त्या चिरक्या सुराला, तिच्याच आवाजात, जोडून, एक सूर आणखी आला. आखूड, उंच, उचकी लागावी तसा.